सूर्याच्या नैवेद्यातले गाजर

श्रीसूर्यनारायणाला साष्टांग नमस्कार असो. ज्याच्या उदयाबरोबर रंग जागे होतात आणि ज्याच्या अस्ताबरोबर ते पुन्हा त्याच्याच ठायी विसावतात, त्या सवित्याचे स्मरण करून आज माघ शुद्ध सप्तमीला, रथसप्तमीच्या पुण्य दिवशी, हे लिहावयास बसलो आहे. निमित्त माझ्या नातीचे. सकाळी अंगणात गोवरीवर दूध उतू गेले, रांगोळीच्या रथापुढे नैवेद्य ठेवला, आणि खिरीच्या वाटीशेजारी एक कच्चे, धुतलेले गाजर पाहून ती म्हणाली, "आजोबा, शेजारी कुणीच गाजर ठेवत नाही. आपण सूर्याच्या घोड्यांसाठी ठेवतो का?"

तिच्या आजीला हसू आवरेना. मला मात्र हसता आले नाही. ते गाजर नैवेद्यात कसे आले, हे नातीला कळण्याजोगे सांगावे म्हणून हा प्रपंच. ती तेव्हा आईच्या पोटात होती.

त्या वर्षी आमची कन्या पहिल्या बाळंतपणासाठी जरा लवकरच माहेरी, पनवेलला आली होती. जावई नोकरीच्या गावी होते. वडाळे तळ्यापासून थोड्या अंतरावर, गल्लीच्या टोकाला आमचे कौलारू घर. पुढे ओटा, मागे परस. मी संस्कृतच्या अध्यापनातून नुकताच निवृत्त झालो होतो आणि माझा दिवस पूजा व पठण यांत जात असे.

कार्तिकातली गोष्ट. तिन्हीसांजेला कन्या तुळशीपुढे दिवा लावायला गेली आणि वृंदावनाची पायरी न दिसून अडखळली. पडली नाही, ही ईश्वराची कृपा. आधी आम्हाला वाटले, चक्कर असेल. मग ध्यानात आले की ऊन उतरले की तिला अंधुक दिसते. समोरचे माणूस ती आवाजावरून ओळखी आणि आम्हाला कळू नये म्हणून भिंतीला हात लावून चाले. सौभाग्यवती तिला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेल्या, मीही सोबत गेलो. बाई वयाने लहान, पण बोलणे नेमके. त्या म्हणाल्या, "अ जीवनसत्त्व कमी पडतंय. पोटात बाळ असलं की कधी कधी असं होतं. मोठ्या मात्रेच्या गोळ्या मी देणार नाही, या दिवसांत त्या बाळाला बाधू शकतात. गाजर, लाल भोपळा, शेवग्याचा पाला द्या. त्यांत कॅरोटीन नावाचा रंग असतो. शरीर त्याचं जीवनसत्त्व करतं, आणि तेही गरजेपुरतंच."

रंगाचे दृष्टीत रूपांतर होते, हे वाक्य मला फार आवडले. सूर्यप्रकाश पानात उतरावा, कंदात साठावा आणि तोच पुढे डोळ्याचे तेज व्हावा, ही योजना ज्याची, त्याला मी मनोमन हात जोडले. घरात गाजराची कोशिंबीर आणि भोपळ्याचे घारगे होऊ लागले. पुढचे काम निसर्गाचे, असे समजून मी निश्चिंत झालो.

पौषातल्या एका सकाळी पूजा आटोपली आणि मी नित्याप्रमाणे कन्येला तीर्थ देऊ लागलो. तिने उजवा हात पुढे केला. तळहाताच्या खोलगट भागात पळीतले पाणी पडले आणि मी थांबलो. तो तळहात पिवळा होता.

"हळद हाताळलीस का?" मी विचारले.

"नाही, अण्णा."

"हळदीकुंकवाला गेली होतीस?"

"कालपासून घराबाहेर कुठे गेले मी?"

तिने हात शिकेकाईने धुतले, मग साबणाने धुतले. पिवळेपणा गेला नाही. तळपायही तसेच निघाले. सौभाग्यवती स्वयंपाकघरातून आल्या, त्यांनी लेकीचा हात स्वतःच्या हातात घेतला आणि माझ्याकडे पाहिले. आम्ही दोघांनीही तो शब्द उच्चारला नाही.

कारण तो शब्द आमच्या घरात एकदा येऊन गेला होता. माझी थोरली बहीण सातव्या महिन्यात कावीळ होऊन गेली. तिच्याबरोबर तिचे बाळही गेले. सौभाग्यवती तेव्हा नव्याने या घरात आल्या होत्या आणि तिच्या उशाशी बसून त्यांनीच तिची शुश्रूषा केली होती. तालुक्याच्या डॉक्टरची आम्ही वाट पाहत राहिलो होतो. तो आला तेव्हा पाहण्यासारखे काही उरले नव्हते. आता आमची कन्याही सातव्या महिन्यात होती.

डॉक्टरीणबाईंनी तिला खिडकीजवळ नेले, खालच्या पापण्या ओढून डोळे पाहिले, पोट चाचपले, लघवीचा रंग विचारला. सौभाग्यवतींनी हळू आवाजात, "स्वच्छ आहे," असे सांगितले. मग बाईंनी विचारले, "खाते काय ही?"

"आपलं नेहमीचंच," सौभाग्यवती म्हणाल्या. "फार काही खात नाही हो पोर."

हे उत्तर मीही ऐकले आणि मला त्यात काही वावगे वाटले नाही. गर्भिणीच्या खाण्याची वाच्यता करू नये, तिने किती घास घेतले ते मोजू नये, दृष्ट लागते, हा आमच्याकडचा जुना संकेत. तिची भूक चांगली असेल तर घरचे माणूस आवर्जून "काही खात नाही" असेच सांगते. डॉक्टरीणबाईंच्या कपाळावर एक आठी उमटली.

"डोळे मला पांढरे दिसताहेत," त्या म्हणाल्या, "पण या दिवसांत मी नुसत्या नजरेवर विसंबणार नाही. रक्त तपासू. अहवाल संध्याकाळी येईल. आणि एक सांगते, तोवर कसलंही औषध द्यायचं नाही. झाडपाल्याचं तर मुळीच नाही."

घरी परतलो तो ओट्यावर विहीणबाई बसलेल्या. जावयांच्या मातोश्री. डोहाळजेवणाचे ठरवायला म्हणून त्या पेणहून सकाळच्या एस.टी.ने आल्या होत्या; पिशवीत ओटीचे नारळ आणि तांदूळ. सुनेला जवळ घ्यायला त्यांनी हात पुढे केले आणि तिचे तळवे पाहून पिशवी तशीच खाली ठेवली.

"केव्हापासून?"

"आजच दिसलं," सौभाग्यवती म्हणाल्या.

"आज दिसलं म्हणजे आज झालं असं नव्हे." त्या उठल्या. "पळस्प्याच्या पलीकडे काविळीचं औषध देणारं घर आहे. माझ्या भावाला तिथंच गुण आला. हिला काही खायला घालू नका. मी आलेच." आणि पाणीही न घेता त्या रिक्षा शोधायला निघाल्या.

दुपार कशी गेली हे सांगणे कठीण आहे. मी जपाला बसलो, पण माळेचे मणी बोटांतून नुसते सरकत होते. कन्या आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसली होती. मधूनच हात उघडून पाही आणि पुन्हा मिटून घेई. एकदा मला म्हणाली, "अण्णा, आत्यालाही असंच झालं होतं ना?" मी म्हणालो, "तू रामरक्षा म्हण." ते उत्तर नव्हते, हे तिलाही कळले असावे.

उन्हे ओट्यावरून खाली उतरली तेव्हा विहीणबाई परत आल्या. हातात स्टीलचा पेला, त्यावर केळीच्या पानाचा तुकडा दोऱ्याने आवळून बांधलेला. आत कसल्याशा मुळीचा हिरवट काळा रस होता. त्याचा वास दारापर्यंत आला.

"सूर्य मावळायच्या आत, अनशापोटी घ्यायचं," त्या म्हणाल्या. "दोनचार ढाळ होतील, कावीळ त्यातून जाईल. काही खाल्लं नाहीस ना गं?"

"नाही," कन्या म्हणाली.

"डॉक्टरीणबाईंनी नको म्हणून सांगितलंय," सौभाग्यवती मध्ये आल्या. "पोटात बाळ आहे. ढाळ कसले करवता?"

"डॉक्टरीणबाईंची सून आहे का ती? माझी आहे. माझं नातवंड आहे तिच्या पोटात."

"आणि माझं कोण आहे?"

"म्हणून तर म्हणते! तुमच्या नणंदेच्या वेळी डॉक्टरची वाट पाहत बसलात. काय पदरात पडलं?"

आपला शब्द फार लागला हे विहीणबाईंनाही जाणवले. त्यांनी पेला पाटावर ठेवला आणि पदराने डोळे टिपले. त्या दुष्ट नव्हत्या. त्या भ्यायल्या होत्या, आणि आम्हीही भ्यायलोच होतो. आमची भीती थांबायला सांगत होती आणि त्यांची घाई करायला. निर्णयासाठी दोघी माझ्याकडे पाहू लागल्या. आयुष्यभर मी विद्यार्थ्यांच्या शंकांचे निरसन केले, पण त्या क्षणी शंका माझीच होती. बहिणीच्या वेळी थांबलो आणि ती गेली. आज थांबावे की न थांबावे? अहवालाला अवकाश होता, आणि सूर्य कुणासाठी खोळंबत नाही.

इतक्यात परसाचे दार वाजले.

"काय गं बाय, आज मागं आली नायस? तुजी गाजरं ठेवलीत मी!" ही आमची आगरी भाजीवाली. टोपली रिकामी करून घरी जाताना ती परसातून जात असे. तिच्या हातात पानासकट दोन जाडजूड गाजरे होती. दार उघडायला सौभाग्यवती गेल्या तर तिच्या मागोमाग पदराआड झाकलेला वाडगा घेऊन शेजारच्या चाची उभ्या. कोकणी मुसलमान कुटुंब त्यांचे; दोन घरांच्या मध्ये फक्त एक कुंपण. सौभाग्यवतींना पाहून चाची गडबडल्या.

"भाभी, तुम्ही? मला वाटलं, बेटी असेल. थोडा गाजराचा हलवा होता. तुपात चांगला घोटलाय."

भाजीवालीने वाडग्याकडे मान वळवली. "आँ? तुमी पन देताव तिला?"

"मी तर रोज देते. तू?"

"मी पन रोजच. पोटुशी बाय मागते, तिला नाय कसं म्हनायचं?"

"रोज?" सौभाग्यवतींचा आवाज चढला. "रोज म्हणजे? अहो, मीच तिला दोन्ही वेळा गाजराची कोशिंबीर वाढते. वर भोपळ्याचे घारगे."

सगळ्यांनी कन्येकडे पाहिले. ती दारात येऊन उभी राहिली होती. खाली मान घालून म्हणाली, "मला फार खावंसं वाटतं, आई. डोहाळेच लागलेत गाजराचे. तू किती देशील म्हणून... आणि चाचींचं अण्णांना कळलं तर सोवळं मोडल्यासारखं होईल म्हणून..."

सोवळ्याच्या घरात तो वाडगा कित्येक दिवस मागच्या दाराने येत होता, आणि तो घेणारी माझीच लेक होती! पण त्या वेळी सोवळे माझ्या ध्यानीमनी नव्हते. डॉक्टरीणबाईंचे कार्तिकातले बोलणे मला आठवत होते. कॅरोटीन हा रंग आहे, असे त्या म्हणाल्या होत्या. शरीर त्यातले गरजेपुरतेच वापरते, असेही म्हणाल्या होत्या. मग उरलेला रंग कुठे जातो?

"चाची," मी विचारले, "हे कधीपासून चाललंय?"

"भाईसाब, गुस्सा करू नका. दिवाळीनंतर गाजरं आली तेव्हापासून."

मी उपरणे खांद्यावर टाकले. "मी डॉक्टरीणबाईंकडे जाऊन येतो. मी येईपर्यंत काही देऊ नका."

"आणि सूर्य मावळला तर?" विहीणबाईंनी विचारले.

त्यावर सौभाग्यवतींनी पाटावरचा पेला उचलला आणि त्या भिंतीशी जाऊन बसल्या. "हा माझ्या हातात राहील," त्या म्हणाल्या. "सांडणार नाही आणि पाजणारही नाही. तुम्ही जा."

मी वळून पाहिले नाही. परंतु त्या पेल्यात काय होते, हे मला ठाऊक होते. अहवाल वाईट निघाला, तर औषधाची वेळ दवडल्याचा दोष जन्मभर त्यांच्याच माथी येणार होता.

दवाखान्यात गर्दी होती. डॉक्टरीणबाई आत एका बाळंतिणीपाशी होत्या. मी बाकावर बसलो, उठलो, पुन्हा बसलो. दारातून तळ्यावरचे ऊन दिसत होते. ते आधी सोनेरी होते, मग तांबूस झाले. बाई बाहेर आल्या तसा मी त्यांच्यापुढे हात जोडून उभा राहिलो.

"बाई, सकाळी आम्ही आपणास पूर्ण सांगितले नाही. ती गाजरे खाते. सारी गल्ली तिला गाजरे खाऊ घालते आहे."

त्यांनी लगेच विचारले, "किती?"

"मोजली नाहीत. आमच्यात मोजत नाहीत."

"आजोबा," त्या खुर्चीवर बसत म्हणाल्या, "सकाळपासून मला हेच कोडं पडलं होतं. तळवे पिवळे, डोळे पांढरे, लघवी स्वच्छ. कावीळ आधी डोळ्यांत दिसते. गाजरातला रंग डोळ्याच्या पांढऱ्या भागात उतरत नाही, तो चरबीत विरघळतो आणि कातडीत साठतो. तळहाता-तळपायाची कातडी जाड, म्हणून तिथं आधी दिसतो. त्यातून तुपातला हलवा, म्हणजे रंग अंगी लागायला आणखी सोपं. अपाय काही नाही. गाजरं कमी केली की हळूहळू ओसरेल."

"मग कावीळ नाही?"

"मला नाही असं वाटतंय. पण अहवाल हातात पडेपर्यंत 'नाही' म्हणणार नाही. वीज गेल्यामुळे रक्त तपासणाऱ्यांचं यंत्र बंद आहे. आला की नर्सबरोबर पाठवते. आणि ते औषध पाजू नका. ढाळ लागून पाणी कमी झालं तर कळा सुरू होतील."

अर्धे अभय घेऊन मी निघालो. वाटेत सूर्य गेला. साऱ्या पेठेत वीज नव्हती. दुकानांत मेणबत्त्या लागत होत्या आणि आमच्या गल्लीत तर तेवढाही उजेड नव्हता. कोपऱ्यावर वळलो. घराचा ओटा काळ्या ठिपक्यासारखा दिसत होता. त्यावर कोण बसले आहे, हे मला ओळखता येईना.

तोच ओट्यावरून आवाज आला, "आई, अण्णा आले! आणि उपरणं कुठे तरी विसरून आलेत."

मी जागच्या जागी उभा राहिलो. खांद्यावर हात नेला. उपरणे खरोखर नव्हते, दवाखान्याच्या बाकावर राहिले होते. कार्तिकात जिला दोन हातांवरची तुळस दिसत नव्हती, तिने गल्लीच्या कोपऱ्यावरून, दिवा नसताना, माझा उघडा खांदा पाहिला होता. तळहातावर साठला तो रंग त्याआधी डोळ्यांचे काम करून आला होता. अहवाल यायचा होता. पण माझ्यापुरता तो त्या ओट्यावरून आला.

घरात समईच्या उजेडात सौभाग्यवती भिंतीशी तशाच बसल्या होत्या. पेला काठोकाठ भरलेला, त्यांच्या हातात. बोटे आखडली होती, तरी त्यांनी तो खाली ठेवला नव्हता. समोर विहीणबाई, डोळ्यांना पदर लावून. मी डॉक्टरीणबाईंचे म्हणणे सांगितले. कन्येला कोपऱ्यावरून काय दिसले, तेही सांगितले. विहीणबाई उठल्या, समई उचलून सुनेच्या तोंडाजवळ नेली आणि तिचे डोळे पाहिले. पुष्कळ वेळ पाहिले.

"पांढरेच आहेत," त्या पुटपुटल्या. "पण कागद येऊ दे."

वीज आल्यावर काही वेळाने नर्स आली, तेव्हा तिच्या एका हातात माझे उपरणे होते आणि दुसऱ्यात कागद. रक्तातले पित्त असावे तेवढेच होते. कावीळ नव्हती.

सौभाग्यवतींनी पेला पुढे केला. विहीणबाईंनी तो घेतला, परसात नेऊन मोरीत ओतला, राखेने खसखसून घासला आणि पालथा घातला. आत येऊन म्हणाल्या, "पोर सकाळपासून उपाशी आहे. भाताचं आधण ठेवा, विहीणबाई. गाजर सोडून काहीही चालेल."

तेव्हा कुठे आमच्या घरात कुणी तरी हसले. मग सौभाग्यवती रडल्या, दिवसभरात पहिल्यांदाच.

पुढे डोहाळजेवण झाले. विहीणबाईंनी हिरवे पातळ आणले, म्हणाल्या, "पिवळं घेणार होते, पण छाती झाली नाही." चाची त्या दिवशी पुढच्या दाराने आल्या. त्यांचा वाडगा मी स्वतः हातात घेतला. त्यात आता शेवयांची खीर होती. भाजीवालीने मात्र दोनाचे एक गाजर केले, पण बंद केले नाही, कारण डॉक्टरीणबाईंनीही ते बंद करू नका असेच सांगितले होते. पिवळेपणा सावकाश ओसरला. नात जन्मली तेव्हा तिच्या आईचे तळवे पुन्हा गुलाबी झाले होते.

मधल्या रथसप्तमीला सौभाग्यवतींनी मला न विचारता नैवेद्यात एक गाजर ठेवले. शास्त्राधार मी विचारला नाही. त्यांनी एवढेच म्हटले, "दृष्ट माणसांची लागते, वैद्याची लागत नाही. इथून पुढे खरं काय ते सांगायचं." तेव्हापासून गर्भिणीच्या खाण्याची वाच्यता आमच्या घरात चारचौघांत आजही होत नाही, डॉक्टरांपुढे मात्र घासन् घास सांगितला जातो.

तेव्हा नातबाई, ते गाजर घोड्यांसाठी नाही; पण घोड्यांनी खाल्ले तर माझी हरकत नाही.

हे वाचणाऱ्या तुम्हा सर्वांवर त्या सहस्रकिरणाची कृपादृष्टी राहो. तुमच्या घरातील लेकीसुना सुखरूप बाळंत होवोत, त्यांची ताटे भरलेली असोत, आणि तिन्हीसांजेला परतणारे आपले माणूस त्यांना दुरूनच ओळखू येवो. तथास्तु.